खडक्यापाड्याचं दत्तकपत्र

प्रतिभा चौधरीला नोकरीला लागून तिसरा दिवस होता, तेव्हा तिच्या हातात एक अख्खं गाव ठेवण्यात आलं. गाव निळ्या फायलीत होतं आणि फायलीला पांढरी नाडी बांधलेली होती.

फाईल देणाऱ्या जुन्या मॅडमना सरकारी नोकरी लागली होती, त्यामुळे त्या घाईत होत्या. "हाई तुन्हं खडक्यापाडं," त्या म्हणाल्या. "धडगावकडे कोठे तरी शे. आपला कॉलेजनी दत्तक लेयेल शे. दरसाल रिपोर्ट धाडना पडस. साल बदलानं, बाकी काहीच बदलानं नही."

प्रतिभाने नाडी सोडली. घरं दोनशे बारा. गरोदर माता चौदा. बालमृत्यू शून्य. आदल्या वर्षीही घरं दोनशे बारा, गरोदर माता चौदा, बालमृत्यू शून्य. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. त्या चौदा बायका पाच वर्षं गरोदर होत्या आणि त्यांची कुणी विचारपूस केली नव्हती.

श्री तापीतीर इंटरनॅशनल कॉलेज ऑफ नर्सिंग हे शहाद्याच्या अलीकडे केळीच्या बागांना लागून उभं होतं. नावातलं 'इंटरनॅशनल' पहिल्या दिवसापासूनचं. संस्थेचे चेअरमन भूपेंद्रभाई यांनी बोर्ड रंगवणाऱ्याला बजावलं होतं की एवढा लांबरुंद पत्रा आणला आहे, तर मधे मोकळी जागा सोडायची नाही. प्रतिभा तिथे सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय शिकवायची. म्हणजे दवाखान्याबाहेर, लोकांच्या दारात जाऊन करायची नर्सिंग. हे ती फळ्यावर फार चांगलं शिकवायची.

पहिल्या वर्षी तिला त्या फायलीचं वाईट वाटलं. तिने दोनदा कॉलेजची गाडी मागितली. एकदा गाडी भूपेंद्रभाईंच्या पाहुण्यांना आणायला सुरतेला गेलेली होती, एकदा ऊसतोडीच्या मुकादमाला सोडायला. शेवटी तिने साल बदललं. दुसऱ्या वर्षी मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून तिने चौदाच्या जागी पंधरा लिहिलं. त्या एका मनातल्या बाईने तिला बरेच दिवस समाधान दिलं.

मग भूपेंद्रभाई अहमदाबादला कुठल्याशा शैक्षणिक प्रदर्शनाला गेले आणि तिथून नॉर्वे घेऊन आले.

म्हणजे करार घेऊन आले. तिकडच्या एका नर्सिंग कॉलेजचे चार विद्यार्थी आणि एक शिक्षिका जानेवारीत तीन आठवडे येणार होते. त्यांच्या अभ्यासक्रमात परदेशातला क्लिनिकल अनुभव सक्तीचा होता, एकशेवीस तास. बदल्यात आपल्या दोन मुली तिकडे जाणार होत्या, आणि त्या दोन मुली कोण, हे कराराच्या आधीच ठरलेलं होतं, कारण दोघीही भूपेंद्रभाईंच्या पुतण्या होत्या. कराराला जोड म्हणून कॉलेजने आपले सगळे रिपोर्ट ईमेलने पाठवले. आठ दिवसांत उत्तर आलं. सात वर्षांत एकाही बाळाचा मृत्यू झाला नाही अशी वस्ती आम्ही आजवर पाहिलेली नाही, आम्हाला खडक्यापाड्यातच काम करायचं आहे.

भूपेंद्रभाईंनी प्रतिभाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर केळी होती. त्यांच्या टेबलावर नेहमीच केळी असत.

"प्रतिभाबेन, गाव तर आहे ना?"

"फायलीत आहे, भाई."

"मग झालं. शोधून काढा. येत्या रविवारी गाडी घेऊन जा. आणि टेन्शन नका घेऊ, केळं घ्या."

रविवारी ड्रायव्हर धुडकूने बोलेरो काढली. घाट चढून धडगावला पोचेपर्यंत अकरा वाजले. तिथे चौकशी केली तर कुणी उत्तरेला हात केला, कुणी दक्षिणेला. "मॅडम, हाई गाव गूगललेबी माहीत नही," धुडकू म्हणाला. अखेर बाजारात टोमॅटो विकत बसलेल्या एका म्हातारीने सांगितलं की खडक्यापाडा तिचं माहेर, डांबरी सडक संपली की उतरा आणि पुढे चाला. धुडकू गाडीजवळ थांबला. त्याच्या मते गाडीला एकटं सोडणं बरं नव्हतं.

प्रतिभा तासभर चढली. डोंगराच्या खांद्यावर विखुरलेली घरं दिसू लागली. प्रत्येक घर आपापल्या शेतात, शेजाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. तिने नकळत मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या आसपास डोंगरच संपला.

पहिल्याच अंगणात एक तिशीची बाई तुरीच्या शेंगा सोलत होती. ती गावची आशाताई निघाली. रुपा तिचं नाव. तिच्याशेजारी खाटेवर तिचा सासरा बसलेला होता, वाहरू. तोच गावाचा कारभारी. दोघांना मराठी येत होतं, कारण रुपाला आरोग्य खात्याच्या मीटिंगा होत्या आणि वाहरूला जंगल खात्याची माणसं भेटत.

पाणी पिऊन झाल्यावर प्रतिभाने जरा घुटमळत सांगितलं की त्यांचं गाव सात वर्षांपूर्वी कॉलेजने दत्तक घेतलेलं आहे.

वाहरूने सोलायला घेतलेल्या शेंगा खाली ठेवल्या. "आम्हाला?"

"हो."

"मूल दत्तक घेतात तेव्हा त्याला घरी नेतात," वाहरू म्हणाला. "निदान त्याला सांगतात तरी."

"हे तसं दत्तक नाही, बाबा. म्हणजे आमच्या मुली इथे येतात, घरोघर जातात, आरोग्याची माहिती देतात."

"कधी येतात?"

"दरवर्षी," प्रतिभा म्हणाली आणि मग खाली बघून म्हणाली, "कागदावर."

रुपा हसली. वाहरू हसला नाही. तो विचार करत होता. प्रतिभाने सरळ सांगून टाकलं की परदेशातून पाहुणे येणार आहेत, आणि त्यांनी विचारलं तर मुली येतात एवढं सांगावं, नाहीतर कॉलेजची लाज जाईल आणि तिची नोकरीही.

"सांगू की," वाहरू म्हणाला. "साहेब आला की आम्ही होच म्हणतो. पण नीट सांगायला हवं. किती मुली येतात?"

"चाळीस."

"चाळीस मुली कुठे बसतात?"

प्रतिभाला हे सुचलं नव्हतं. "त्या झाडाखाली," ती म्हणाली.

"ते सागाचं आहे, पानं झडली की त्याखाली सावली नसते. मोहाखाली बसतात असं सांगू. खातात काय?"

"डबे आणतात."

"पाणी आपलं पितात का त्यांचं?"

असं करत करत वाहरूने तिच्याकडून पाऊण तासात चाळीस मुलींचा सात वर्षांचा येण्याजाण्याचा सगळा इतिहास तयार करून घेतला. तो इतका नीट बसला की परतीच्या वाटेवर प्रतिभाला त्यातल्या एकदोन मुलींचे चेहरेही दिसू लागले. निघताना वाहरू एवढंच म्हणाला, "ज्या बापाने आम्हाला दत्तक घेतलं, त्याला एकदा चढून येऊ दे. तोंड तरी पाहू."

भूपेंद्रभाई आले नाहीत. त्यांचे गुडघे दुखत होते.

नॉर्वेचे पाहुणे मात्र ठरल्या तारखेला आले. शिक्षिकेचं नाव बेरिट, वय पन्नाशीचं, केस आखूड, बोलणं मोजूनमापून. विद्यार्थ्यांत तीन मुली आणि एक मुलगा. मुलगा होकोन हा साडेसहा फूट होता. त्याचा सत्कार करताना भूपेंद्रभाईंना शाल त्याच्या खांद्यावर फेकावी लागली.

सत्कार एकूण पाच झाले. कॉलेजचा, सोसायटीचा, साखर कारखान्याच्या संचालकांचा, आमदारांच्या कार्यालयाचा, आणि एक कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांनी नारळ चांगले दिले. मग तापीकाठच्या प्रकाशा गावची मंदिरं पाहिली, तोरणमाळची सहल झाली, केळीची बाग पाहिली, आणि भूपेंद्रभाईंच्या भाच्याच्या लग्नात चौघे विद्यार्थी वरातीपुढे दोन तास नाचले. आठवडा संपला. एकाही रुग्णाचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी बेरिट वहीत काहीतरी लिहायची. प्रतिभाला वाटायचं, बाई नाराज आहे.

दुसऱ्या आठवड्यात त्यांचा मुक्काम धडगावला हलला आणि रोज सकाळी खडक्यापाड्याचा चढ सुरू झाला. पाहुण्यांकडे सुरक्षेचा एक फॉर्म होता. तो भरल्याशिवाय त्यांना गाडीत बसता येत नसे. त्यांच्या विम्याच्या अटींप्रमाणे त्यांना रुग्णाला सुई टोचता येत नव्हती, औषध देता येत नव्हतं आणि बाळंतिणीला हात लावता येत नव्हता. पाहता येत होतं. म्हणून ते फार लक्ष देऊन पाहायचे. रुपा बाळाचं वजन करायची तेव्हा काटा धरायचं काम होकोनला मिळालं. त्याच्या उंचीमुळे काटा बांधायला फांदी शोधावी लागत नसे.

दुपारी ते मोहाखाली गोल करून बसत आणि एकेक जण डोळे मिटून बोले. रुपाने प्रतिभाला विचारलं, "हे काय करतात?"

"आज पाहून मनाला काय वाटलं, ते सांगतात."

"रोज?"

"रोज."

रुपाने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "बरं असतं," ती म्हणाली, आणि पुढच्या घराकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी बेरिटने गावाची बैठक मागितली. वाहरूने लोक जमवले. बेरिट इंग्रजीत विचारी, प्रतिभा मराठीत सांगे, रुपा ते लोकांना त्यांच्या पावरी बोलीत सांगे, आणि उत्तर त्याच वाटेने उलटं येई. कॉलेजच्या मुली येतात का? येतात, चाळीस, मोहाखाली बसतात, डबे आणतात, पाणी आपलं पितात. त्या दिवशी ठरलेला इतिहास वाहरूने स्वतः इतका मनावर घेतला होता की मागच्या वर्षी एका मुलीला विंचू चावला, हेही त्याने आपल्या पदरचं घातलं. प्रतिभाचा जीव भांड्यात पडला.

मग मारेन नावाच्या मुलीने रुपाला विचारलं, "सात वर्षांत एकही बाळ दगावलं नाही, हे तुम्ही कसं साधलं?"

प्रतिभाने प्रश्न मराठीत केला. तिचा आवाज जरा खाली गेला. रुपाने प्रश्न लोकांना सांगितलाच नाही. ती प्रतिभाकडे पाहत राहिली.

"कोण म्हणतं?"

"रिपोर्टमध्ये आहे," प्रतिभा हळू म्हणाली. "शून्य म्हणून सांग."

"ते तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं नव्हतं."

"आता सांगते."

"मुली येतात म्हणायला माझं काही गेलं नाही, ताई," रुपा म्हणाली. "हे नाही म्हणता येणार. ती बघा, ती उभी आहे तिचा पहिला. आणि ती लुगडं निळं, तिची मुलगी, दोन महिन्यांची. तिच्यासमोर मी शून्य कसं म्हणू?"

रुपाने आपली वही उघडली. शाळेची शंभरपानी वही, कव्हर फाटलेलं. तिने एकेक बोट मोजत नावं वाचली. सहा. कुणाला न्यूमोनिया, कुणाचं वजन जन्मतःच कमी, एक जण रस्त्यात, जीप मिळेपर्यंत. नावं ऐकताना बायका आपापसांत काहीतरी पुटपुटल्या. निळ्या लुगड्याची बाई उठून घराकडे गेली.

नॉर्वेच्या मुलांना शब्द कळले नव्हते, पण सहा बोटं कळली होती. बेरिट प्रतिभाकडे बघत होती. "त्या काय म्हणाल्या?"

प्रतिभाला शून्याचं इंग्रजी येत होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण समोर निळ्या लुगड्याची जागा मोकळी पडली होती आणि तिकडून तिला नजर काढता येईना.

"सहा," ती म्हणाली. "सात वर्षांत सहा मुलं गेली. आमच्या रिपोर्टमध्ये आहे ते खोटं आहे. मी स्वतः दोनदा लिहिलं आहे. आमच्या मुली इथे कधी आल्याच नाहीत."

वाहरूला एवढं इंग्रजी येत नव्हतं, पण प्रतिभाच्या चेहऱ्यावरून त्याला समजलं. "विंचवाचंही सांगितलं का?" त्याने रुपाला विचारलं.

त्या संध्याकाळी बेरिटने भूपेंद्रभाईंना फोन केला. हा विश्वासाचा भंग आहे, आकड्यांशी असा खेळ म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ, आमच्या देशात यावर चौकशी बसली असती. प्रतिभा शेजारीच बसलेली होती. तिला बेरिटचा प्रत्येक शब्द पटत होता आणि प्रत्येक शब्द लागत होता. नोकरी गेली हे तिने मनाशी धरलंच होतं. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच भूपेंद्रभाईंचा फोन आला तो नेहमीच्याच आवाजात. "प्रतिभाबेन, मी बोललो त्यांच्याशी. म्हटलं, आमची मॅडम स्वतःहून खरं बोलली ना? हीच तर आमच्या कॉलेजची पारदर्शकता. आता आपण त्यावरच एक सेमिनार घेऊ."

सेमिनारआधी होकोन पडला.

त्याने काय खाल्लं यावर एकमत झालं नाही. मुलींच्या मते पाणी, धुडकूच्या मते मिरचीचा ठेचा, कारण होकोनने तो चटणी म्हणून नाही तर भाजी म्हणून खाल्ला होता. बुधवारी सकाळी चढ चढून येता येताच तो रुपाच्या अंगणात आडवा झाला आणि मग दिवसभर मक्याच्या शेतात जा-ये करत राहिला. बेरिटने फॉर्म काढला. फॉर्मप्रमाणे जवळच्या मान्यताप्राप्त रुग्णालयाला फोन करायचा होता. फोनला रेंज नव्हती.

रुपाने फॉर्मकडे पाहिलं नाही. तिने जलसंजीवनीचं पाकीट फोडलं, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवलं, आणि होकोनच्या उशाशी बसली. तो घोटभर पिऊन मान वळवी. "प्यायचं," रुपा मराठीतच म्हणे. तो पी. तिने त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, पाणी किती कमी झालंय ते पाहिलं, आणि वहीत लिहिलं. पुरुष, वय बावीस, जुलाब, पाकिटं तीन. गावच्या बायका येऊन पाहून जात. एकीने त्याच्या दंडाला लहान मुलांच्या कुपोषणाची पट्टी लावून बघितली. पट्टी पुरली नाही, आणि होकोन दुखण्यातही हसला.

गुरुवारी तो उठून बसला. बाकीच्या तिघी त्याच्या शेजारी बसून होत्या, कारण सोबतच्या विद्यार्थ्याला आजारात एकटं सोडू नये असंही फॉर्ममध्ये होतं. शुक्रवारी त्यांनी विश्रांती घेतली. तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस गाव, एक दिवस सेमिनार, एक दिवस निरोपाची खरेदी, आणि संपलं.

निरोपाच्या आदल्या दुपारी बेरिट कागदांचा गठ्ठा घेऊन प्रतिभाच्या टेबलाशी आली. चार विद्यार्थी, चार प्रमाणपत्रं. प्रत्येकावर लिहिलेलं होतं की अमुक विद्यार्थ्याने सामुदायिक आरोग्यात एकशेवीस तासांचा क्लिनिकल अनुभव पूर्ण केला. खाली स्थानिक पर्यवेक्षकाची सही, म्हणजे प्रतिभाची.

प्रतिभाने पेन उघडलं आणि बंद केलं. "एकशेवीस झाले नाहीत, बेरिट."

"साधारण झाले."

"मी रोज लिहून ठेवलं होतं. गावातले, शिकण्याचे, एकेचाळीस झाले. होकोनचे बत्तीस."

बेरिट खुर्चीवर बसली. तिने फार शांतपणे समजावून सांगितलं. शिकणं हे फक्त गावात होत नाही. लग्नात सहभाग म्हणजे सांस्कृतिक जाण. सत्कार म्हणजे समाजातल्या नेतृत्वाशी ओळख. केळीची बाग म्हणजे आहारशास्त्र. होकोनचा आजार तर सर्वांत मोलाचा, रुग्णाच्या बाजूने आरोग्यसेवा अनुभवण्याची संधी, त्याचे चोवीस तास गुणिले तीन.

"झोपेचेसुद्धा?" प्रतिभाने विचारलं.

"हे बघ," बेरिटचा आवाज पहिल्यांदाच उंचावला, "एकशेवीस झाले नाहीत तर मुलांचं सत्र वाया जाईल. पुढच्या वर्षी हा कार्यक्रमच बंद होईल. कुणाचं नुकसान होणार आहे एका आकड्याने?"

हे बोलून झाल्यावर ती थांबली. मोहाखालची बैठक तिलाही आठवली असावी, कारण तिचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. बाहेर माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता.

"एकेचाळीस लिहा, मी लगेच सही करते," प्रतिभा म्हणाली.

बेरिट कागद उचलून गेली. प्रतिभाला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तीच सबब तिने दोन वर्षं स्वतःला दिली होती, आणि ती दुसऱ्याच्या तोंडून इंग्रजीत ऐकताना तिला बेरिटची दया आली.

तासाभराने केबिनमधून बोलावणं आलं. बेरिट आणि भूपेंद्रभाई दोघेही हसत होते. टेबलावर चारही कागद सही-शिक्क्यानिशी तयार होते.

"प्रतिभाबेन, पाहुण्यांना नाराज करून पाठवायचं नसतं," भूपेंद्रभाई म्हणाले. "मीच सही केली. आणि एकशेवीस कशाला, मी दीडशे केले. आपल्याकडे कमीपणा नको."

"दीडशे फार होतात," बेरिट घाईने म्हणाली. तिच्या हसण्यात आता चिंता होती. "आमच्याकडे विचारतील."

"असू द्या, असू द्या," भूपेंद्रभाईंनी कागद तिच्या हातात कोंबले आणि वर दोन केळी ठेवली.

पाहुणे गेले. निघताना होकोन एकटा प्रतिभाकडे आला आणि एक पाकीट देऊन म्हणाला, हे रुपाला द्या. आत त्याने स्वतःच्या हाताने भरलेला एक कागद होता. कॉलेजच्याच फॉर्मवर, विद्यार्थी म्हणून त्याचं नाव, तास बत्तीस, आणि पर्यवेक्षक म्हणून रुपाचं नाव लिहून सहीसाठी जागा सोडलेली. तो कागद त्याच्या कॉलेजात कुणी घेतला असता असं नाही. त्यालाही ते माहीत होतं.

भूपेंद्रभाईंनी प्रतिभाला काढलं नाही. काढलं असतं तर सेमिनारचे फोटो वाया गेले असते. त्यांनी तिला परदेश समितीतून मोकळं केलं आणि फर्मान काढलं की मॅडमना खडक्यापाड्याची एवढी ओढ आहे, तर दर गुरुवारी तिकडेच जावं, आठ मुली घेऊन, कॉलेजच्या गाडीने. ही शिक्षा आहे हे सर्वांना कळावं म्हणून ते नोटीस बोर्डावर लावलं.

पहिल्या गुरुवारी आठही मुली चढावरून कुरकुरल्या. त्यातली चेतना ही नंदुरबारच्या बाजारपेठेतली. तिने पायात सॅंडल घातले होते आणि अर्ध्या वाटेत ते हातात घेतले. वाहरू अंगणात उभा राहून एकेक मुलगी मोजत होता.

"आठच?" त्याने प्रतिभाला विचारलं. "चाळीस म्हणाला होतात."

"आठच आहेत, बाबा. पण खऱ्या आहेत."

"बसा मग. डबे आणलेत ना?"

त्या मुलींनी रुपामागून घरं मोजली. एकसष्ट निघाली. गरोदर बाया सात होत्या, त्यातल्या एकीला सासरच्यांनी डोंगराच्या पलीकडच्या शेतघरात ठेवलं होतं, म्हणून ती रुपालाही महिनाभर भेटली नव्हती. तिकडे जायला आणखी एक ओढा आणि एक चढ होता. चेतना म्हणाली, मॅडम, एकच घर आहे, पुढच्या वेळी करू. प्रतिभा नुसती चालत राहिली, आणि चेतना बडबडत मागे आली.

ती पोरगी विशीचीही नव्हती. आठवा महिना. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, दोन दिवस डोकं दुखतंय म्हणाली. चेतनानेच रक्तदाब घेतला. वाचून तिने पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. पुन्हा तेवढाच आला. ती प्रतिभाकडे वळली तेव्हा तिचा चेहरा पांढरा झाला होता. "मॅडम, एकशेसाठ-एकशेदहा. हे पुस्तकातलं आहे. हे खरंच असतं?"

"असतं. आता काय करायचं, सांग."

"रुग्णालय," चेतना म्हणाली. "लगेच. वाटेत झटका येऊ शकतो."

घरचे तयार नव्हते. रुपा त्यांच्याशी बोलत राहिली, निरोप मिळताच वाहरू येऊन दोन वाक्यं बोलला, आणि चार गड्यांनी खाट उचलली. चेतना अनवाणी खाटेच्या कडेने पळत होती, एका हाताने त्या पोरीचा हात धरून. डांबरी सडकेला धुडकू गाडी घेऊन उभाच होता. आज त्याने गाडीचं दार स्वतःहून उघडलं. "चला, बठा, मी हाणस जोरमा," एवढंच तो म्हणाला.

धडगावहून पोरीला पुढे पाठवलं. पाच दिवसांनी मुलगी झाली, एक किलो नऊशे. रुपाने फोनवर कळवलं. बाळ काचेच्या पेटीत आहे, पण दूध घेतंय, आणि आई बरी आहे.

रिपोर्ट वर्षअखेरीस विद्यापीठात गेला. घरं एकसष्ट. तिथून खुलासा मागणारं पत्र आलं की एका वर्षात दत्तक गावातली एकशेएक्कावन्न घरं कशी काय कमी झाली, आणि स्थलांतराची चौकशी केली आहे काय. प्राचार्यांनी ते पत्र प्रतिभाच्या टेबलावर ठेवलं. ती उत्तर लिहायला बसली होती, तेवढ्यात चेतना दारात आली. तिच्या पायात कॅनव्हासचे बूट होते आणि मागे सात जणी उभ्या होत्या.

"मॅडम, नऊ वाजले. धुडकूभाऊ हॉर्न देऊन ऱ्हायले. त्या बाळाचं वजन करायचंय ना आज?"

प्रतिभाने पत्रावर पेपरवेट ठेवला आणि काट्याची पिशवी खांद्याला लावली.